कुत्रा कुणाचा, हे आधी ठरू द्या

फेब्रुवारी २०१८. वरळीतल्या एका इमारतीत एक रहिवासी दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होता. मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि शेजारी आपल्या हस्की कुत्र्यासह आत शिरू लागला. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, जरा थांबा, अशी विनंती वडिलांनी केली. शेजाऱ्याने ती मानली नाही. त्याने कुत्र्याला ओढून आत घेतलं आणि तो कुत्रा मुलाच्या वडिलांच्या हाताला चावला. मे २०२५मध्ये मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाने त्या मालकाला चार महिन्यांची कैद आणि चार हजार रुपये दंड सुनावला.

त्याआधी २०२३च्या सुरुवातीला मुंबईतल्याच आणखी एका न्यायालयाने रॉटवायलरच्या मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली होती. चावा होता २०१०मधला, नेपियन सी रोडवरचा, आणि जखमी झालेली व्यक्ती त्या वेळी ७२ वर्षांची होती.

एका प्रकरणात सात वर्षं, दुसऱ्यात बारा-तेरा. शिक्षा झाली हे चांगलंच झालं. पण एवढ्या काळात त्या कुत्र्यांचं आयुष्य जवळजवळ संपतं, लहान मूल शाळेत दुसरी-तिसरीला पोचतं, आणि शहरातल्या हजारो मालकांपैकी एकालाही आपली वागणूक बदलावी असं वाटण्याचं कारण मिळत नाही. वरळीचा कुत्रा भटका नव्हता. धोकादायक म्हणून सरकारने ज्या जातींची यादी काढली तीत हस्की नाही. कुत्र्याला तर लिफ्टमध्ये जायचंही नसावं, नाहीतर ओढावं का लागलं असतं? त्या लिफ्टमध्ये निर्णय एकाच माणसाने घेतला, आणि नेमका तो माणूस आपल्या सगळ्या सार्वजनिक चर्चेतून निसटलेला असतो.

गेल्या काही वर्षांत कुत्र्यांवर आपण भरपूर भांडलो. २०२५च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी करा, लस द्या, जंताचं औषध द्या आणि कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा, रेबीजची लागण वा शंका असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नका, खायला घालण्याच्या जागा ठरवून द्या. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं यांच्या आवारातून कुत्री हटवण्याचा आदेश आला. प्रत्येक आदेशागणिक दोन तट पडले. एका बाजूला ज्यांच्या पोराला कुत्रा चावला असे आईबाप, दुसऱ्या बाजूला रोज रात्री पातेलं घेऊन निघणारे कार्यकर्ते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघंही महापालिकेकडे बोट दाखवतात. ज्या कुत्र्याला घर आहे, गादी आहे, महिन्याला हजारो रुपयांचं खाद्य आहे, त्याच्या मालकाने काय करायला हवं, हा प्रश्न या गदारोळात कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न आधी सुटायला हवा. पाळीव कुत्र्याला कायद्याच्या नोंदीत नाव-पत्ता असलेला मालक असला पाहिजे, आणि त्या कुत्र्याने केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाने लगेच, खटल्यावाचून केली पाहिजे. एवढं झालं तर जातींवरची बंदी, सोसायट्यांचे लिफ्टबंदीचे ठराव, ‘कुत्रं ठेवाल तर घर सोडा’ ही घरमालकांची अट, या सगळ्यांचा आधारच निघून जाईल. आमच्या घरीही कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली, गावठी. तेव्हा ही मागणी मी स्वतःवर ओढवून घेतो आहे याची मला पूर्ण कल्पना आहे.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या पावणेपाच लाखांहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या. ही बेरीज वर्तमानपत्रात येते ती भटक्या कुत्र्यांच्या फोटोसह. त्यात रस्त्यावरच्या कुत्र्याचे चावे किती आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कुत्र्याचे किती, हे वेगळं दिलेलं नसतं. दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या नर्सला ही माहिती असते, कारण ती पहिला प्रश्न तोच विचारते: कुत्रा पाळीव होता का, लस दिलेली होती का? पण ते उत्तर केसपेपरवर राहतं, धोरणापर्यंत पोचत नाही.

आणि हे पाळीव चावे कुणाच्या वाट्याला येतात? मालकाच्या घरच्यांच्या वाट्याला येतातच, मुलांना तर फारच. त्यांच्याखेरीज येतात ते दारात येणाऱ्यांच्या वाट्याला. पोळ्यांच्या बाई, झाडूवाला, कुरिअरवाला, दूध टाकणारा, सिलिंडर आणणारा, वॉचमन, जेवणाचं पार्सल घेऊन आलेला पोरगा. जानेवारी २०२३मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात जेवण पोचवायला गेलेल्या २३ वर्षांच्या तरुणावर जर्मन शेफर्ड धावून आला. जीव वाचवायला पळताना तो तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. अशी टोकाची घटना बातमी होते. पण स्वयंपाकाच्या बाईंच्या पोटरीला दात लागतात, तेव्हा काय होतं ते आठवून पाहा. मालकीणबाई हळद लावतात, शंभराच्या दोन-तीन नोटा देतात, ‘त्याला सगळे डोस दिलेत हो, काही होणार नाही’ असं सांगतात. बाई दुसऱ्या दिवशी कामावर येतात, कारण पोलिसांत गेल्या तर हे काम जाईल आणि त्याच जिन्यातली दुसरी दोन कामंही जातील. तक्रार करण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त चावे. म्हणूनच जखमी माणसाने पुढे येऊन गुन्हा दाखल करावा, पुरावे गोळा करावेत, तारखा घ्याव्यात, अशा पायावर उभा असलेला कायदा इथे चालत नाही.

चाव्यानंतरचा खर्च मालकांना कळावा म्हणून जरा सविस्तर सांगतो. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. मग लस: पहिल्या दिवशी, त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात घेण्याच्या लशीचं हे वेळापत्रक. कातडीत टोचण्याची पद्धत असेल तिथे एक फेरी कमी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण फेऱ्या फुकट नसतात. रोजंदारीवरच्या माणसाचे पाच अर्धे दिवस गेले म्हणजे महिन्याचं गणित कोलमडतं. यात आणखी एक गोष्ट आहे, जी डॉक्टर जाणतात आणि बाकीच्यांना फारशी माहीत नसते. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल आणि दहा दिवस डोळ्यांसमोर ठणठणीत राहिला, तर उपचार पुढे किती चालू ठेवायचे हे डॉक्टर त्यावरून ठरवू शकतात. म्हणजे कुत्र्याची ओळख पटणं आणि त्याच्या लशीचा कागद हाती असणं हा थेट उपचाराचा भाग आहे. तो कागद मालक दाखवत नाही, किंवा कुत्रा कुणाचा हेच कळत नाही, तेव्हा समोरचा माणूस रेबीजच्या भीतीखाली महिना काढतो. हा आजार एकदा लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणालाच सोडत नाही.

आता कायद्याकडे येऊ. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजी राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतं. जुन्या दंडसंहितेच्या २८९व्या कलमात दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. वाढ झाली, पण वाट तीच राहिली: पोलीस ठाणं, फिर्याद, निष्काळजीपणा सिद्ध करणं, न्यायालय. पोलिसांपुढे खून-दरोडे असताना कुत्रा चावल्याचा तपास कुठे जाऊन बसतो हे सांगायला नको. ‘एकाच बिल्डिंगमधले आहात, आपसात मिटवा’ हा सल्ला मिळतो आणि शंभरातली बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

१९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तर आणखी हतबल आहे. पाळलेला प्राणी सोडून देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात कसूर करणं हाही गुन्हा आहे. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याची शिक्षा किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना किंमत होती. आज एखाद्याने आठ महिन्यांचं लॅब्रॅडॉर हायवेवर उतरवून गाडी पुढे दामटली आणि तो पकडला गेलाच, तर त्याला टोलपेक्षाही कमी भुर्दंड पडेल. लॉकडाऊनच्या काळात घरोघरी पिल्लं आली आणि कार्यालयं उघडल्यावर त्यातली अनेक रस्त्यावर आली, हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही निवाऱ्यात काम करणारा माणूस सांगेल. गोल्डन रिट्रीव्हर, पोमेरेनियन, अगदी सेंट बर्नार्डसुद्धा. असे कुत्रे रस्त्यावर फार जगत नाहीत. जगले आणि नसबंदी झालेली नसेल, तर त्यांची पिल्लं महापालिकेच्या खात्यावर जमा होतात.

रस्त्यावरची बहुसंख्य कुत्री रस्त्यावरच्याच कुत्र्यांपोटी जन्मतात, हे मला मान्य आहे. पाळीव कुत्र्यांचे नियम नीट झाले म्हणून भटक्यांचा प्रश्न सुटणार नाही. पण नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यात अर्थ नाही. प्राणी जन्मनियंत्रणाचे २०२३चे नियम स्पष्ट म्हणतात की पाळीव प्राण्याची लस, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. हे वाक्य नियमात आहे. ते पाळलं गेलं की नाही हे तपासणारं कुणी नाही.

याउलट एक विचित्र तफावत पाहा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३मध्ये भटक्या जनावरांमुळे होणाऱ्या इजांसाठी राज्याने द्यायच्या भरपाईचं सूत्रच ठरवलं: कुत्र्याच्या प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस निघालं असेल तर प्रत्येक ०.२ सेंटिमीटर जखमेला किमान वीस हजार. सूत्राबद्दल मतभेद होऊ शकतात, पण तत्त्व बरोबर आहे. ज्याच्या अखत्यारीतलं जनावर, त्याने भरपाई द्यायची, आणि ती किती हे आधीच माहीत हवं. मग जिथे मालक ढळढळीत समोर उभा आहे, त्याच्या हातात साखळीचं टोक आहे, तिथे असं सूत्र का नसावं? मालकाचं दायित्व सरकारपेक्षा हलकं का?

उपाय म्हणून मला जे सुचतं ते नवीन नाही. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. शुल्क किरकोळ आहे. तरी परवाने काढणारे थोडेच, कारण परवाना काढल्याने काही मिळत नाही आणि न काढल्याने काही बिघडत नाही. हे उलटं करता येतं. परवान्याबरोबर मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवावी, तिच्या क्रमांकापुढे मालकाचं नाव, फोन, लशीची तारीख असावी. नसबंदी केलेल्या कुत्र्याला शुल्क नाममात्र, न केलेल्याला चांगलं घसघशीत. रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याला पूर्ण माफी. कुत्रा मोकाट सोडलेला किंवा पट्ट्याविना फिरवलेला आढळला, फुटपाथवर त्याची घाण तशीच ठेवलेली दिसली, तर वाहतुकीच्या चलनासारखा जागच्या जागी दंड. आणि चावा घेतला, तर मालकाने उपचाराचा सगळा खर्च आणि बुडालेली मजुरी ठरावीक दिवसांत द्यायची. निष्काळजीपणा होता की नव्हता हा वाद तिथे घालायचाच नाही. कुत्रा माझा आहे, एवढं पुरे. अपवाद एकच ठेवावा लागेल: कुणी मुद्दाम डिवचलं असेल, किंवा चोरून घरात शिरलं असेल तर.

कॅनडातल्या कॅलगरी शहराने २००६पासून जबाबदार पशुपालनाचा असाच उपविधी, म्हणजे शहरापुरता नियम, राबवला आहे. तिथे कुठल्याही जातीवर बंदी नाही. परवाना असलेला कुत्रा हरवून सापडला, तर शहराची गाडी त्याला कोंडवाड्यात न नेता थेट घरी पोचवते. म्हणून लोक परवाना काढतात. परवान्याचा उपयोग मालकाला झाला पाहिजे, ही त्यातली शहाणी गोष्ट आहे. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१३पासून पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, आणि कुत्र्यामुळे दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. परीक्षेची अट आपल्याकडे लगेच आणावी असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे परीक्षा म्हटली की एजंट आलाच. विमा मात्र ताबडतोब शक्य आहे. पाळीव कुत्र्यांचे विमे आपल्याकडे विकले जातात, त्यांत तिसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई जोडता येते. दुचाकीला हा विमा नसेल तर आपण ती रस्त्यावर आणू देत नाही. पन्नास किलोच्या कुत्र्याला तो नको?

इथे जातींच्या बंदीबद्दल बोलायला हवं, कारण प्रत्येक भीषण घटनेनंतर पहिली मागणी तीच येते. जुलै २०२२मध्ये लखनौत पिटबुलने घरातल्याच ८२ वर्षांच्या वृद्धेचा जीव घेतला. त्याच वर्षी गाझियाबादमध्ये लिफ्टमध्ये कुत्रा लहान मुलाला चावला आणि मालकीण नुसती उभी राहिली, ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. पुढे तिथल्या महापालिकेने तीन जाती पाळायला बंदी केली. मार्च २०२४मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला राज्यांना कळवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक महिनाभरात रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलेलं नव्हतं. ऑगस्ट २०२४मध्ये गोव्यात हणजुणे इथे पिटबुलने सात वर्षांच्या मुलाला मारलं आणि बंदीची मागणी पुन्हा उसळली.

सात वर्षांच्या मुलाचं प्रेत घरात आलेल्या आईला जातबंदीचे तोटे समजावून सांगायला जाऊ नये. तिचा संताप खरा आहे. मोठ्या जबड्याचा, झुंजीसाठी निवडून निवडून पैदा केलेला कुत्रा चावला, तर जखम पोमेरेनियनच्या चाव्यासारखी नसते, हेही खरं आहे. पण बंदीने काय साधतं याचा ब्रिटनचा अनुभव आपल्यासमोर आहे. तिथे १९९१च्या कायद्याने पिटबुलसह चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी आली. त्यानंतरच्या तीस वर्षांत इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्यामुळे रुग्णालयात दाखल होणारे वाढतच गेले, लोकांनी बंदीत न बसणारा, अमेरिकेत पैदा झालेला आणखी दांडगा एक्सएल बुली आणला, आणि २०२३च्या अखेरीपासून त्याच्यावरही निर्बंध आणावे लागले. ज्याला धाक दाखवायला कुत्रा हवा असतो तो यादीबाहेरचा कुत्रा शोधतो. ज्याच्याकडे यादीतला आधीच आहे तो त्याला लपवतो किंवा रात्री गावाबाहेर सोडून येतो. मला विचाराल तर अशा कुत्र्यांवर बंदीऐवजी अटी असाव्यात, आणि कडक असाव्यात: सार्वजनिक जागी तोंडाला जाळी, प्रौढ माणसाच्याच हातात साखळी, सक्तीची नसबंदी, मोठ्या रकमेचा विमा, घराच्या कुंपणाची तपासणी. एवढं ज्याला झेपत नाही त्याने तो कुत्रा ठेवू नये.

गोव्याचं उदाहरण दुसऱ्या अंगानेही पाहण्यासारखं आहे. मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर तिथे वर्षानुवर्षं दरसाल हजारो कुत्र्यांना लस दिली, पाळीव आणि मोकाट दोन्ही, घरोघर जाऊन आणि जाळ्यांनी पकडून. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलमधल्या अॅपवर केली, शाळांतल्या मुलांना कुत्र्याशी कसं वागावं ते शिकवलं. २०१८पासून पुढची काही वर्षं गोव्यात माणसाला रेबीज झाल्याची एकही नोंद नव्हती. म्हणजे आपल्याच शेजारी, आपल्यासारख्याच गावांत, कुत्र्यांची नोंद ठेवता येते हे सिद्ध झालं आहे. महापालिकांनी ‘एवढी कुत्री मोजणार कशी’ असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. आणि त्याच गोव्यात हणजुण्याचं मूल गेलं. लस रेबीज थांबवते. उघडं राहिलेलं फाटक बंद करायला माणूसच लागतो.

धंद्याबद्दलही थोडं. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम २०१७पासून आहेत. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पिल्लं व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून विकली जातात आणि अनेकदा महिन्याभराची असतानाच आईपासून तोडलेली असतात. यात नुसती निर्दयता नाही. भावंडांशी मस्ती करताना पिल्लू दात किती रोवायचे ते शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. ही शाळा चुकलेलं पिल्लू मोठेपणी माणसाच्या हाताशी कसं वागेल याची खात्री कुणी देऊ नये. विकणाऱ्याच्या नावाशिवाय चिप बसवायचीच नाही असा नियम केला, तर हा सगळा व्यवहार एका फटक्यात उजेडात येतो. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत बर्फाळ प्रदेशातला हस्की विकणारा आणि तो घेणारा, दोघांनाही कुणीतरी कधीतरी प्रश्न विचारायला हवा.

मालकांकडून इतकं मागायचं, तर त्यांना काय द्यायचं? मला हा भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या सोसायट्यांमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांचा छळ होतो हे नाकारता येत नाही. बहुमताने ठराव करून कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू देणार नाही किंवा त्यासाठी जादा पैसे द्या असं म्हणता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१मध्ये पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारी सोसायटीची कलमं बेकायदा ठरवली. तरीही नवव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, ज्याच्या मागच्या पायांतली ताकद गेली आहे, जिन्याने उतरवा असं सांगणाऱ्या कमिट्या आहेत. भाडेकरूला तर विचारायलाच नको. जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

पण त्याच सूचनांत मला एक गोष्ट खटकते. सोसायटीने कुत्र्याच्या तोंडाला जाळी घालण्याचा आग्रह धरू नये असं त्या म्हणतात. सर्वसाधारण कुत्र्याबाबत हे योग्य आहे. एकदा माणसाला चावलेल्या कुत्र्याबाबत ते अजिबात योग्य नाही. तिथे शेजाऱ्याच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. नाहीतर तो बेकायदा ठराव करतो, कारण कायदेशीर मार्ग त्याला कुणी ठेवलेलाच नाही.

‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य प्रत्येक जिन्यात ऐकू येतं. ते बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याचा कुत्रा त्याला काही करत नाही, हे त्याला रोज दिसतं. पण लिफ्टच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली मुलगी लहानपणी चावून घेतलेली असू शकते. कुणाला दमा असतो. कुणाला धर्माच्या कारणाने कुत्र्याची लाळ अंगाला लागलेली चालत नाही. गरोदर बाई असते, काठी टेकत चालणारे आजोबा असतात, ज्यांना चाव्याची नव्हे तर नुसत्या धक्क्याची भीती असते. या कुणालाही आपल्या भीतीचं कारण सांगायला लागू नये. ‘पुढची लिफ्ट घेतो’ असं मालकाने म्हणावं, आणि लिफ्टचा हक्क त्याच्याकडे कायम राहावा. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

या नियमांचा बोजा गरिबांवर पडेल, असा एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. वस्तीत, चाळीत, रस्त्याकडेच्या पालांवर कुत्री पाळली जातात, प्रेमाने पाळली जातात, आणि त्यांच्या मालकांना विमा-चिप परवडणार नाही. गावाकडे तर दारात भाकरीच्या तुकड्यावर राहणारं कुत्रं असतं, ज्याला बांधलेलं नसतं आणि टाकलेलंही नसतं. माळावरच्या धनगराचा कुत्रा पट्ट्याने बांधला तर लांडगा मेंढरू नेईल. कोथरूडसाठी केलेला नियम करमाळ्यात जसाच्या तसा नेऊ नये. तिथे लस आणि नसबंदी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने गावात येऊन फुकट करावी आणि नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, एवढं पहिल्या टप्प्यात पुरेसं आहे. ते करायचं ते माणसांसाठी आणि माळासाठीही. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचे संकर आढळू लागले आहेत, आणि गावकुत्र्यांचे आजार रानात शिरतात, हे वन्यजीवांचे अभ्यासक सांगत आले आहेत.

भटक्यांना रोज खायला घालणाऱ्यांना मालक ठरवावं का, हा वाद मी मुद्दाम शेवटी ठेवला. माझ्या मते नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यावर त्यांचा ताबा नसतो, आणि ताबा नसलेल्यावर भरपाई लादली तर ते खायला घालणं बंद करतील, कुत्री मात्र तिथेच राहतील, भुकेली आणि न पकडता येणारी. पण ज्या माणसाच्या हाकेला गल्लीतली आठ कुत्री धावत येतात, तोच त्यांना नसबंदीच्या गाडीत चढवू शकतो. त्याच्याकडून पैसे न मागता ही मदत मागावी: ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खायला घालणं, आणि आपल्या कळपातलं प्रत्येक कुत्रं शस्त्रक्रियेपर्यंत पोचवणं. अनेकजण हे आजही करतात, स्वतःच्या रिक्षाभाड्याने.

यातलं बरंचसं करायला नवा केंद्रीय कायदा लागत नाही. राज्यात २९ महानगरपालिका आहेत आणि उपविधी करण्याचे अधिकार त्यांना आहेत. एकीने सुरुवात केली तरी चालेल. तिने मालकाकडून चिप, लस, विमा आणि भरपाई मागावी. त्याबदल्यात प्रत्येक प्रभागात कुत्रं मोकळं सोडता येईल अशी कुंपण घातलेली एक जागा द्यावी, परवडणाऱ्या दरात नसबंदी करणारा दवाखाना चालवावा, आणि परवानाधारकाला बेकायदा ठरावाने छळणाऱ्या सोसायटीला तितक्याच तत्परतेने नोटीस पाठवावी. सोसायट्यांनी तर त्याचीही वाट पाहू नये. आजच्या आज एक वही करता येते: कुठल्या घरात कुत्रा आहे, परवाना क्रमांक काय, लशीची तारीख कोणती. आणि कुणालाही, मग ती कामवाली बाई असो की पार्सलवाला, दात लागले, तर त्याच दिवशी सेक्रेटरीने लशीच्या कागदाची प्रत आणि मालकाचा फोन नंबर त्या माणसाच्या हातात द्यायचा, त्याने मागायची वाट न पाहता.